कॅनडात डे-केअर स्वस्त झालंय म्हणे, तर मलाही नोकरी करता येईल का?

नांदेडच्या एका ताईनं विचारलंय: "नवऱ्याला टोरोंटोजवळ नोकरी लागतेय. लेक दोन वर्षांची आहे. तिकडं आता दिवसाला दहा डॉलरमध्ये डे-केअर मिळतं म्हणे. मग मलाही लगेच नोकरी करता येईल ना?"

ताई, व्हिसा, पीआर म्हणजे कायम राहायची परवानगी, त्याचे पॉइंट हे सगळं सरकारी साइटवर आहे, त्यात मी पडत नाही. तुझ्या प्रश्नातलं 'लगेच' वाचून रात्री झोप आली नाही, म्हणून लिहितेय.

मी मूळची गंगाखेडची. लेकरू सांभाळायचा हिशेब आमच्याकडं कुणाला शिकवावा लागत नाही. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळते कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. बाई लेकरापायी घरी राहिली की अर्धा कोयता. म्हणून थोरल्या पोरीला सोबत न्यायचं, कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्याला बघायला. चौथीत माझ्या बाकावर बसणारी अशीच दिवाळीनंतर गेली, ती वर्गात परत आलीच नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं, बाक मोकळा मिळाला एवढंच.

२०१८ मध्ये आम्ही टोरोंटोजवळच्या मिसिसागाला आलो तेव्हा पोरगं दीड वर्षाचं. परभणीत मी आठ वर्षं अकाउंट्स सांभाळलेले. इथं मिळत होती ती चौदा डॉलर तासाची नोकरी. कर कापून महिन्याला एकोणीसशेच्या आसपास, आणि डे-केअर साडेतेराशे. बसचा पास काढला की हातात चारशे. नवरा म्हणाला, चारशेसाठी कशाला एवढी धावपळ? हिशेब बरोबर होता, म्हणून मी घरी बसले. चुकलं ते एवढंच, की आम्ही त्या महिन्याचा पगार मोजला. दोन-तीन वर्षं बाहेर राहिल्यावर मागं पडणारी बढती आणि इथला अनुभव कुणी मोजला नाही. आज माझ्यानंतर लागलेली मुलगी माझी वरिष्ठ आहे. चांगली आहे बिचारी.

आता तुझे दहा डॉलर. २०२१ च्या बजेटमध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारनं डे-केअरसाठी पाच वर्षांत सुमारे ३० अब्ज डॉलर द्यायचं ठरवलं, आणि फी सरासरी दहा डॉलर रोजावर आणायचं ध्येय ठेवलं. आपला टोरोंटोचा प्रांत ऑन्टारियो सगळ्यात शेवटी, मार्च २०२२ मध्ये सामील झालं. जानेवारी २०२५ पासून इथं कमाल २२ डॉलर रोज, तेही सहा वर्षांखालच्या मुलांना आणि योजनेत असलेल्या केंद्रांतच. कल्पना शेजारच्या क्यूबेक प्रांताची, तिथं १९९७ पासून पाच डॉलर रोज होते. पिएर फोर्तँ नावाच्या अर्थतज्ज्ञानं सहकाऱ्यांसोबत हिशेब मांडला, की २००८ पर्यंत त्यामुळं सुमारे ७०,००० जास्त लेकुरवाळ्या बायका कामावर गेल्या आणि त्यांच्या करातून सरकारचा खर्चही भरून निघाला. बेकर, ग्रुबर आणि मिलिगन या तीन अर्थतज्ज्ञांनी मात्र त्याच क्यूबेकच्या मुलांत चिडचिड आणि अस्वस्थता वाढल्याचं दाखवलं. खरं सांगते, ते वाचून मला बरं वाटलं होतं. चला, आपलं पोर तर घरी होतं.

फी उतरली तशी रांग वाढली. जागा वाढवायच्या तर शिक्षिका हव्यात, आणि त्यांचे पगार असे की त्या टिकत नाहीत. तेव्हा तिकीट काढायच्या आधीच यादीत नाव घाल, एका नाही, आठ-दहा ठिकाणी. एका केंद्रानं आमच्याकडून यादीत नाव घालायचे पैसे घेतले आणि पुढं फोनसुद्धा उचलला नाही. लसीकरणाचं कार्ड आताच इंग्रजीत करून घे. आमच्या कार्डावर सिस्टरनं निळ्या पेननं 'गोवर' लिहिलं होतं, तारखेवर शिक्क्याची शाई सांडलेली. काउंटरवरच्या बाईनं ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली, हे वाचता येत नाही. पोराला एक लस परत टोचली.

एकटेपणाचं तू विचारलं नाहीस. असतो. सवय होते.

मग ऑक्टोबर २०१९ मध्ये मायला बोलावलं. सगळ्यांना सांगितलं, नातवाला आजीचा लळा लागेल. लळा लागलाही, पण कारण साडेतेराशे डॉलर होते. ती आली म्हणून मी कामाला लागले. मार्चमध्ये कोरोनामुळं विमानं बंद झाली आणि सहा महिन्यांचे दहा झाले. तिकडं बाबा परभणीत एकटे, डबा लावून. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी माय येईपर्यंत लांबवलं. ती ऑगस्टमध्ये वंदे भारतच्या, म्हणजे अडकलेल्यांना मायदेशी नेणाऱ्या सरकारी मोहिमेच्या विमानानं परत गेली आणि मी पुन्हा घरी बसले, पोरगं शाळेत जाईपर्यंत. फी उतरली तेव्हा ते बालवाडीत होतं. तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, घरी इंग्रजी बोला. आम्ही शहाण्यासारखं ऐकलं. आता माय फोनवर मराठीत विचारते, पोरगं इंग्रजीत उत्तर देतं, आणि मध्ये मी.

तुझ्या सासूबाई किंवा आई येणार असतील तर आधी त्यांना विचार, यायचंय का म्हणून. मी मायला विचारलं नव्हतं, विमानाची तारीख सांगितली होती.