बुडापेस्टला ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड करायचाय? मग आजच बँकेत जा

तुमची पोस्ट वाचली. मराठी सिनेमाचं पार्श्वसंगीत, बुडापेस्टच्या ऑर्केस्ट्राचं कोटेशन हातात, रेकॉर्डिंग पुढच्या महिन्यात, आणि शेवटी एक वाक्य: 'ॲडव्हान्स आठवडाभर आधी पाठवून देऊ.' त्या वाक्यापाशी मी थांबले. वादक किती घ्यायचे, स्वरलिपी लिहायला सिबेलियस हे सॉफ्टवेअर घ्यायचं की डोरिको, यावर इथे बऱ्याच जणांनी लिहिलंय. मी फक्त पैशांबद्दल लिहिते, कारण आमचं सेशन तिथेच हातचं गेलं.

आधीच सांगते, मी सीए नाही. संगीतकारांसाठी रेकॉर्डिंगचं समन्वयाचं काम करते. आकडे आणि कलमं तुमच्या सीएकडून तपासून घ्या. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदललेत. मी जुनी, सवयीची नावं वापरतेय.

आमचा स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची लिहिलेली स्वरलिपी, तयार होता, एकेका वादकाचे पार्ट्स छापायला गेले होते, लयीचे ठोके देणारा क्लिक आणि कुठे किती लय ते सांगणारा टेम्पो मॅप पाठवून झाला होता. तिकडची अट सरळ होती: ठरल्या तारखेपर्यंत खात्यात पैसे दिसले नाहीत तर स्लॉट दुसऱ्याला. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी हॉल धरलेला असतो, एवढ्या वादकांना शब्द दिलेला असतो.

अडलं ते इथल्या बँकेत. शाखेने आधी बिल ऑफ एन्ट्री मागितलं. तो कस्टम्सचा कागद, माल देशात उतरला की होणारा. आम्ही सेवा घेत होतो, तिला तो कागद असूच शकत नाही. हे पटवून झालं तर पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी जातायत ते सांगणारा क्रमांक, अडला. मग फाइल परकीय चलनाच्या केंद्रीय कक्षाकडे गेली आणि तिथून एकेक शंका परत यायला लागली. इन्व्हॉइसवर शिक्का का नाही? प्रोफॉर्मा, म्हणजे काम होण्याआधीचं कच्चं बिल, कशी चालेल? करारावर सही कोणत्या हुद्द्याने केली? एका शंकेचं उत्तर दिलं की दुसरी. यादी एकदम दिली असती तर त्याच संध्याकाळी सगळे कागद टेबलावर ठेवले असते. मला अजून राग येतो तो याचाच. कोणी नियम मोडा म्हणत नव्हतं. नियम काय आहे तेवढं एकदा सांगा म्हणत होतो.

पैसे निघेपर्यंत स्लॉट गेला होता, आणि रद्द केल्याचे पैसेही भरावे लागले. प्रदर्शनाची तारीख हलणार नव्हती. क्लायमॅक्स सॅम्पल लायब्ररीवर, म्हणजे संगणकातल्या तयार आवाजांवर, गेला. संगीतकाराने फ्रेंच हॉर्नसाठी लिहिलेली ती ओळ माणसाच्या श्वासातून कधी आलीच नाही.

म्हणून माझं ठाम मत: स्कोअर लिहायला घ्याल त्याच आठवड्यात बँकेचं काम सुरू करा. शाखेतल्या काउंटरवर विचारून निघून येऊ नका. परदेशी पैसे पाठवण्याचं काम ज्या कक्षात होतं तिथल्या माणसाशी बोला आणि लागणाऱ्या कागदांची यादी ईमेलवर मागा. पर्पज कोड आधी ठरवून घ्या. ऑडिओ-व्हिज्युअल सेवांसाठी एस११०१ आहे. तिकडच्या कंपनीकडून टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट (करासाठी ती कंपनी त्या देशाची रहिवासी असल्याचा दाखला), फॉर्म १०एफ (त्याला जोडून त्यांनी द्यायची माहिती) आणि भारतात कायमची आस्थापना, म्हणजे ऑफिस वगैरे, नसल्याचं पत्र आत्ताच मागा. ते सर्टिफिकेट त्यांच्या कर खात्याकडून येतं, त्याला वेळ लागतो.

कर कापायचा की नाही, हे सीएकडून लेखी घ्या. तांत्रिक सेवेसाठी देशातला दर २०२३ पासून १० वरून २० टक्के झाला, त्यावर अधिभार आणि सेस. दोन देशांमधल्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या कराराने तो खाली येऊ शकतो. कोटेशनमध्ये 'सर्व कर वगळून निव्वळ रक्कम' असं लिहिलं असेल तर तो कर तुमच्या खिशातून जाणार. बजेट तिथेच फुगतं. करपात्र रक्कम आर्थिक वर्षात पाच लाखांवर गेली की १५सीए या पैसे पाठवणाऱ्याने भरायच्या फॉर्मबरोबर सीएचं १५सीबी प्रमाणपत्र लागतं, आणि इन्व्हॉइसची रक्कम मागाहून बदलली की तेही नव्याने. रिव्हर्स चार्जचा, म्हणजे परदेशी कंपनीऐवजी सेवा घेणाऱ्याने भरायचा, जीएसटी वेगळा, १८ टक्के. त्याची वजावट, म्हणजे इनपुट क्रेडिट, मिळतं का ते बघा. पाठवताना बँकेचे सगळे चार्जेस आपल्याकडे घ्या, नाहीतर मधली बँक काही युरो कापते आणि तिकडे 'रक्कम अपुरी' म्हणून पुन्हा थांबावं लागतं.

हक्कांचंही बघून ठेवा. बुडापेस्ट, प्राग, स्कोप्येला साधारण एकरकमी बायआउट मिळतो, म्हणजे एकदाच पैसे देऊन हक्क आपले. लॉस एंजेलिसला युनियनचे करार असतात, सिनेमा पुढे इतर माध्यमांत गेला की वादकांना पुन्हा पैसे देणं येतं. २०१६ च्या 'सैराट'चा ऑर्केस्ट्रा हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झाला म्हणून प्रत्येक निर्माता तेच मागतो, पण ते गणित वेगळं.

विचारलं नाहीत तरी एक सांगते. तिकडचे ऑर्केस्ट्रे बरेचदा 'ए' हा सूर ४४२ हर्ट्झला लावतात. तुमची बासरी, सतार, गाणं ४४० वर झालं असेल तर जवळजवळ आठ सेंटचा (शंभर सेंट म्हणजे एक अर्धा सूर) फरक पडतो आणि लांब सुरांवर तो कानाला खुपतो. ४४० हवं असेल तर ते बुकिंगच्या ईमेलमध्येच लिहा, सेशन सुरू झाल्यावर नाही.

आणि ज्या क्यूमध्ये, म्हणजे पार्श्वसंगीताच्या तुकड्यात, मींड आहे, नाट्यसंगीताची वळणं आहेत, ते मुंबईतच करा. तिकडचे वादक कागदावर असेल ते अचूक वाजवतात, पण मींडेची जागा नोटेशनमध्ये पूर्ण उतरत नाही. आपल्याकडच्या व्हायोलिनवाल्यांना ती एकदा गाऊन दाखवली की पुरते. ते दोन-तीन क्यू बाजूला काढले तर बुडापेस्टचा एखादा तास कमी होईल आणि पाठवायची रक्कमही खाली येईल. ती वर्षाच्या पाच लाखांच्या आत बसली तर १५सीबी लागणार नाही. सीएला हे आधी विचारा, मगच तास पक्के करा.