प्रमोटरमधील एक-दोन अक्षरे बदलली तर जनुकाचे काम का मंदावते?

प्रमोटरमध्ये, म्हणजे जनुकाच्या सुरुवातीजवळच्या डीएनएच्या तुकड्यात, प्रथिनाची माहिती नसते, तरीही तेथील एखाद-दुसरे अक्षर (डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार घटकांपैकी एक) बदलल्याने साऱ्या जनुकाचे काम का मंदावते, असा आपला प्रश्न आहे. मी पदव्युत्तर वर्गांना रेण्वीय जीवशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी हीच शंका माझ्यासमोर येते. प्रमोटर म्हणजे ‘येथून सुरुवात करा’ असा आदेश, अशी समजूत करून घेतली की पुढचे काहीच जुळत नाही. प्रतिलेखन करणाऱ्या, म्हणजे जनुकाची आरएनए प्रत काढणाऱ्या, विकराला डीएनएवर पकड घेता यावी आणि त्याचे दोन धागे उलगडता यावेत, अशी ती जागा असते.

ई. कोलाय या जीवाणूत आरएनए पॉलिमरेज या प्रतिलेखन करणाऱ्या विकराला ही जागा सिग्मा घटक हे प्रथिन शोधून देते. त्याचा एक भाग प्रतिलेखनाच्या आरंभबिंदूच्या सुमारे ३५ अक्षरे आधी असलेल्या टीटीजीएसीए या क्रमाला धरतो, तर दुसरा १० अक्षरे आधीच्या टीएटीएएटी या क्रमाला. या दोहोंमध्ये साधारण १७ अक्षरांचे अंतर लागते; डीएनए पिळलेला असल्यामुळे एक अक्षर कमी-जास्त झाले तरी एक क्रम दुसऱ्याच्या तुलनेत सुमारे ३५ अंशांनी फिरतो आणि सिग्माची पकड सैल होते. धागे उलगडतात ते -१० च्या क्रमापाशी, कारण ए आणि टी यांच्या जोडीत दोनच हायड्रोजन बंध असतात. पण केवळ बंध कमी आहेत म्हणून हे घडते असे नाही. त्या क्रमातील दुसरे अक्षर ए आणि सहावे अक्षर टी ही एका धाग्यातून बाहेर वळून सिग्माच्या खोबणीत बसतात, आणि त्यामुळे उघडलेले धागे पुन्हा मिटत नाहीत. मला स्वतःला या साऱ्या प्रक्रियेतील हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

आता लॅक्टोज पचवणाऱ्या जनुकांचा लॅक प्रमोटर पाहा. त्याचा -१० चा क्रम टीएटीजीटीटी असा आहे, म्हणजे वर सांगितलेली दोन्ही अक्षरे शाबूत आहेत, मात्र मधली दोन वेगळी आहेत. म्हणून तो दुबळा ठरतो आणि ग्लुकोज संपल्यावर सीएपी हे मदतनीस प्रथिन शेजारी येऊन बसल्याखेरीज नीट चालत नाही. हा दुबळेपणा जीवाणूच्या सोयीचाच आहे, कारण ग्लुकोज उपलब्ध असताना लॅक्टोज पचवण्याची सामग्री बनवणे म्हणजे शक्तीचा अपव्यय. ती दोन अक्षरे बदलून क्रम टीएटीएएटी केला की लॅक-यूव्ही५ हा प्रमोटर मिळतो आणि त्याला सीएपीची गरज जवळजवळ उरत नाही. प्रथिननिर्मितीसाठी प्रयोगशाळांतून सर्रास वापरल्या जाणाऱ्या बीएल२१(डीई३) या जीवाणूत टी७ पॉलिमरेजचे (टी७ या विषाणूच्या आरएनए पॉलिमरेजचे) जनुक याच प्रमोटरच्या हाती दिलेले असते.

माणसात सिग्मा घटक नसतो. तेथे हे काम अनेक प्रथिने मिळून करतात आणि काही जनुकांत त्यांपैकी एक प्रमोटरमधील टाटा बॉक्स या टी-ए अक्षरांनी भरलेल्या क्रमाला धरते. यूजीटी१ए१ या जनुकाच्या टाटा बॉक्समध्ये ‘टीए’ ही जोडी साधारणपणे ६ वेळा येते. ज्यांच्या दोन्ही प्रतींत ती ७ वेळा असते, त्यांच्यात बिलिरुबिन या पिवळ्या रंगद्रव्याचा निचरा करणारे विकर कमी बनते, आणि उपवासात किंवा तापात डोळे किंचित पिवळे दिसू शकतात. यालाच गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. तो निरुपद्रवी असतो, आणि त्या विकराची स्वतःची घडण अशा व्यक्तींमध्ये अगदी निर्दोष असते.