मेलबर्नला येण्याआधी कोणत्या मालिका पाहाव्यात?

तुम्ही विचारलंत की फेब्रुवारीत सहा वर्षांच्या मुलीला घेऊन मेलबर्नला येताय, तर तोवर तिथल्या कौटुंबिक विनोदी मालिका पाहून बोली आणि माणसं कळतील का. बोलीला कान तयार होईल, माणसं थोडीफार कळतील. तुमचं इथलं घर मात्र त्यात फारसं दिसणार नाही. अकरा वर्षं इथे काढून सांगतेय.

सुरुवात 'कॅथ अँड किम'पासून करा. २००२ साली एबीसी या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वाहिनीवर आलेली मालिका, मेलबर्नच्या एका काल्पनिक उपनगरातली. पुन्हा लग्न करायला निघालेली आई, नवऱ्याशी भांडून माहेरी येऊन बसलेली मुलगी, आणि आईचा होणारा नवरा केल, जो मटणाचं दुकान चालवतो. पहिले दोन भाग डोक्यावरून जातील. सबटायटल लावून परत पाहा. किमला 'ॲफ्लुअंट' म्हणजे श्रीमंत व्हायचंय, पण ती म्हणते 'एफ्लुअंट', म्हणजे सांडपाणी! आणि आई तिला समजावते, अगं, तू आहेसच की. आई आणि मुलगी झालेल्या जेन टर्नर आणि जीना रायली याच दोघी अधूनमधून महागड्या दुकानातल्या नाक वर करून बोलणाऱ्या विक्रेत्या होऊन येतात. निम्मी गंमत या दोन बोलींमधल्या अंतरात आहे. आपल्याला समोरचा सदाशिव पेठेतला की मालवणचा, हे एका वाक्यात कळतं ना, तसंच. मला पहिलं वर्षभर हा फरक ऐकूच आला नाही. म्हणून इथे आल्यावर ती पुन्हा पाहाच. अमेरिकेने २००८ मध्ये तिची स्वतःची आवृत्ती काढली, ती एका सीझनमध्ये गुंडाळली. मला वाटतं, बोली काढून घेतली की त्यात फार काही उरत नाही.

आता न दिसणारं. २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेले लोक ऑस्ट्रेलियात ६ लाख ७३ हजारांच्या वर होते, इंग्लंडखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर. मालिकांमधल्या घरांत आपण जवळपास नाहीच. त्यातल्या त्यात जवळची वाटेल ती एसबीएस या इथल्या दुसऱ्या वाहिनीवरची 'द फॅमिली लॉ' (२०१६ ते २०१९): क्वीन्सलंडमधलं चिनी कुटुंब, मोडत चाललेला संसार, आणि चारचौघांत नको ते बोलून मुलांना लाजवणारी आई. आणखी एक. मालिकेतल्या घरात हाकेच्या अंतरावर कुणीतरी असतंच. तुमच्या मुलीची शाळा साडेतीनच्या सुमाराला सुटेल, तुम्ही दोघं कामावर असाल, आणि आजी तिकडे भारतात. शाळेत नाव घालतानाच आफ्टर स्कूल केअरमध्ये, म्हणजे शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळतात तिथे, जागा आहे का ते विचारा. आम्ही उशीर केला, आणि पहिली टर्म मी अर्ध्या पगारावर काढली.

मुलीला 'ब्लुई' ही कार्टून मालिका आजच लावून द्या. ब्रिस्बेनमधलं कुत्र्यांचं कुटुंब, सातेक मिनिटांचा एकेक भाग. क्रिकेटवरचा भाग तुम्हीही पाहा. कुणालाच आउट न होणारा रस्टी शेवटी आपल्या धाकट्या बहिणीला झेल घेता यावा म्हणून चेंडू हळूच उचलून देतो. गल्लीत खेळलेल्या कुणाच्याही डोळ्यांत पाणी येईल.

सगळ्यात शेवटी सांगतेय ती मला सगळ्यात प्रिय आहे: 'मदर अँड सन', १९८४ ते १९९४. (२०२३ मध्ये नव्याने केली, तीही बरी आहे, पण आधी जुनी.) रूथ क्रॅकनेलची मॅगी विसरभोळी, आणि हवं तेव्हा भलतीच हुशार. घटस्फोटानंतर तिच्याजवळ राहणारा धाकटा आर्थर तिचं सगळं करतो. थोरला रॉबर्ट दातांचा डॉक्टर, पैशाने बरा, प्रेमळही, पण आईला न्यायची वेळ आली की त्याला काहीतरी काम असतं. मी खूप हसले. मग एका रात्री लक्षात आलं, साताऱ्याला आईजवळ माझा भाऊ आहे, म्हणजे या गोष्टीतली रॉबर्ट मी आहे. दुसऱ्या दिवशी भावाला फोन केला. तासभर बोललो. इतकी वर्षं ते बोलणं टाळलं होतं.

तुम्ही अजून तिकडेच आहात. निघण्याआधी भावंडांना घेऊन बसा, आणि आईबाबांची औषधं, बँक, रात्री-अपरात्री दवाखान्यात कोण नेणार, हे ठरवून मगच विमानात बसा.