श्वास चालू आहे, मग मी मेलेली कशी?

प्रश्न : मी श्रीरामपूरची, वय 36, जन्मापासून ख्रिस्ती घरातली. लहानपणीच बाप्तिस्मा झाला, संडे स्कूल केलं, दर रविवारी उपासनेला जाते, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, पण देते. मागच्या महिन्यात आमच्याकडे कन्व्हेन्शन झालं, त्यात बाहेरून आलेले पाळक म्हणाले की इथे बसलेले कितीतरी जण आत्मिकरीत्या मेलेले आहेत. ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये. जावेशी घराच्या वाटणीवरून 3 वर्षं बोलणं बंद आहे, तेवढं सोडलं तर मी काही मोठं पाप केलेलं नाही. मग मी मेलेली कशी? आणि तारण, म्हणजे पापातून सुटका, झाल्यावर पुन्हा पाप घडलं तर ते तारण जातं का?

उत्तर : ताई, तुम्ही जावेची गोष्ट लपवली नाहीत, त्याबद्दल आधी आभार. तिच्याकडे शेवटी येतो.

पाप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चोरी, दारू, व्यभिचार अशी यादी येते आणि त्या यादीत आपलं नाव नसलं की आपण निवांत. पण बायबलमध्ये पापासाठी जो मुख्य हिब्रू शब्द आहे त्याच्या मुळाशी अर्थ आहे नेम चुकणं. शास्ते पुस्तकाच्या 20व्या अध्यायात बन्यामिनी वंशातल्या 700 डावखुऱ्या गोफणवाल्यांबद्दल आहे बघा, केसावर धरलेला नेमसुद्धा त्यांचा चुकत नसे, तिथे ‘चुकणं’ म्हणून हेच क्रियापद आलंय. दगड कुठेतरी पडतोच, कधी बऱ्या जागी पण पडतो, फक्त जिथे पडायला हवा होता तिथे पडत नाही. आपण ज्याच्यासाठी घडलो तो देव, आणि जगलो मात्र स्वतःसाठी, मग त्यात दारू असो की दर रविवारची उपासना असो.

आता मरणाचं. उत्पत्तीत देव आदामाला सांगतो की ज्या दिवशी हे फळ खाशील त्या दिवशी मरशील. त्याने खाल्लं आणि त्या दिवशी काही मेला नाही, त्याचं वय पुढे 930 वर्षं दिलंय. मग देव खोटं बोलला का? लग्नाच्या मांडवाला आंब्याचे डहाळे लावतात ते आठवा. लावले त्या दिवशी पानं इतकी हिरवीगार असतात की झाडावर बरी आणि मांडवावर बरी, फरकच कळत नाही, पण झाडावर कोयता पडला तेव्हाच डहाळ्याचं सगळं संपलेलं असतं. मांडव सोडायच्या दिवशी ती पानं हातात कुरकुरतात ना, ते नंतरचं मरण. पहिलं मरण तुटल्याचं होतं. आदाम त्याच दिवशी झाडीत लपला, देवाची चाहूल लागली तर त्याला भीती वाटली, तुटणं म्हणतात ते हेच. तुमचा श्वास चालू आहे, घर चालू आहे, उपासना पण चालू आहे आणि तरी प्रश्न एकच राहतो की डहाळी झाडाला लागलेली आहे का.

म्हणूनच प्रेषित पौल इफिसकरांना पत्रात ‘तुम्ही आजारी होता’ असं लिहीत नाही, पापांमुळे मेलेले होता असं लिहितो. हा शब्द कठोर वाटतो पण मला त्यात मोठा दिलासा दिसतो, कारण आजारी माणसाला पथ्य सांगतात, औषध सांगतात, मेलेल्याला कोणी काय सांगणार? त्याला उठवावंच लागतं. येशूचा मित्र लाजर मरून कबरेत 4 दिवस होता, बाहेर यायला त्याने काय प्रयत्न केला? येशूने हाक मारली आणि तो आला. रोमकरांच्या पत्रात तर शब्दच नेमके आहेत, पापाचं ‘वेतन’ मरण, आणि तिथला ग्रीक शब्द शिपायाच्या पगाराचा आहे, म्हणजे ते आपण कमावलेलं. सार्वकालिक जीवन मात्र ‘कृपादान’, त्याला पगारपत्रक नाही. आपला पगार येशूने वधस्तंभावर स्वतःच्या अंगावर घेतला आणि त्याचं जीवन आपल्याला दिलं, ते विश्वासाने घ्यायचं, एवढंच आणि एवढं सगळं.

तुम्ही म्हणाल, मग माझा बाप्तिस्मा, दशांश, याचं काय? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. 1891 मध्ये त्या पुण्यात शारदा सदन चालवत होत्या, ज्या विधवांना कोणी दारात उभं करत नव्हतं त्यांना शिकवत होत्या, आणि त्याच रमाबाई पुढे स्वतःच्या साक्षीत लिहितात की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो मिळालेला नव्हता. 8 वर्षं! त्यांना हे उमगायला कारण झालं हॅस्लम नावाच्या इंग्लिश पाळकाचं आत्मवृत्त, आणि या पाळकाची गोष्ट अशी की 1851 मध्ये कॉर्नवॉलमध्ये तो आपल्याच चर्चमध्ये उपदेश करत होता आणि बोलता बोलता त्याचं स्वतःचंच मन बदललं, तेव्हा समोर बसलेला एक जण ओरडला, पाळकाचं तारण झालं! म्हणजे व्यासपीठावर उभा असलेला माणूस सुद्धा तोवर बाहेरच होता. तेव्हा कन्व्हेन्शनमधलं ते वाक्य मनाला लागलं याची भीती बाळगू नका, मेलेल्या माणसाला टोचलेलं कळत नाही.

तारण जातं का? इथे मंडळ्यांमध्ये एकमत नाही हे खरं. वसईकडचे आपले कॅथलिक वाचक सांगतील की गंभीर पाप जाणूनबुजून केलं तर कृपेचं जीवन हरपतं आणि कन्फेशनमधून परत मिळतं, प्रोटेस्टंटांमध्ये काही म्हणतात विश्वासच सोडला तर तारण हरवू शकतं, काही म्हणतात खरं तारण कधीच हरवत नाही. मी स्वतः शेवटच्यांपैकी. दावीद राजाने बथशेबाशी केलेल्या व्यभिचारानंतर 51व्या स्तोत्रात तारणाचा आनंद परत मागितला, आणि मला तो शब्द फार महत्त्वाचा वाटतो. मुलगा बापाशी भांडला तर जेवणाच्या ताटावर दोघं गप्प बसतात, पण रेशनकार्डावरून मुलाचं नाव जात नाही. म्हणून पाप झालं की लपू नका, 1 योहान 1:9 उघडा आणि जे झालं ते नाव घेऊन कबूल करा.

आता जाऊबाई. लूक 15 मध्ये आपला वाटा घेऊन गेलेल्या आणि सगळं उडवून परतलेल्या धाकट्या, उधळ्या पुत्राबद्दल बाप म्हणतो, हा माझा मुलगा मेला होता, जिवंत झाला. आपण सगळे त्या धाकट्याबद्दल बोलतो, पण तुम्ही या आठवड्यात मोठ्या भावाचा भाग वाचा. तो कधी घर सोडून गेला नाही, शेतात राबला, एकही आज्ञा मोडली नाही असं स्वतःच सांगतो, आणि भावावरच्या रागाने दाराबाहेर उभा आहे. आत मेजवानी चाललीय, गाणी ऐकू येतायत, आणि बाप सगळे पाहुणे सोडून अंगणात येऊन त्याची विनवणी करतोय. तो आत गेला की नाही हे येशूने सांगितलेलंच नाही. जाऊबाईंना फोन केलात तर काय झालं ते मला जरूर कळवा, तुमच्या दोघींसाठी प्रार्थना करतोय.