‘नरो वा कुंजरो वा’ : गुळमुळीत की खोटे?

प्रश्न असा आहे: ‘नरो वा कुंजरो वा’ हे आपण गुळमुळीत उत्तराला, कोणतीच बाजू न घेण्याला म्हणतो. पण ज्या प्रसंगाशी हे शब्द जोडलेले आहेत, तिथे धर्मराज द्रोणाचार्यांना चक्क फसवत होता. मग फसवणुकीचे शब्द गुळमुळीतपणाला कसे चिकटले? आणि धर्मराज तेव्हा खरे बोलला की खोटे?

माझ्या मते सगळा घोळ त्या दोन ‘वा’ंनी घातला आहे.

द्रोणपर्वातल्या मूळ श्लोकात हे शब्द नाहीतच. तिथे आहे, ‘अव्यक्तमब्रवीद्राजन् हतः कुञ्जर इत्युत’. युद्धाचा पंधरावा दिवस. भीमाने मालवराज इंद्रवर्म्याचा अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि ‘अश्वत्थामा मेला’ अशी आरोळी ठोकली. द्रोणांना ते पटेना. त्यांनी युधिष्ठिराला विचारले, कारण त्रैलोक्याच्या राज्यासाठीही हा असत्य बोलणार नाही, अशी त्यांची खात्री होती. युधिष्ठिर अश्वत्थामा मेल्याचे ऐकू जाईल असे बोलला आणि ‘हत्ती’ हा शब्द अव्यक्त, म्हणजे पुटपुटल्यासारखा, उच्चारला. (कीर्तनात नेमका त्याच क्षणी शंख वाजतो. या श्लोकात शंख नाही. शंखाने शब्द बुडाला असे म्हटले की दोष शंखाकडे जातो, हे कथेकऱ्यांना बरोबर कळले असावे.) कवी मात्र धर्मराजाला सोडत नाही. त्याच श्लोकात त्याला दोन विशेषणे आहेत: असत्याच्या भीतीत बुडालेला आणि विजयात गुंतलेला. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ या उत्तरानंतर खाली टेकला, असे लगेच पुढे येते.

म्हणजे मूळ उत्तरात ‘हे किंवा ते’ नाही. एक गोष्ट मोठ्याने, दुसरी हळू, आणि ऐकणाऱ्याचा गैरसमज व्हावा हा पक्का हेतू. लोकांच्या तोंडी त्याचे ‘नर असो वा हत्ती’ झाले. ‘वा’ आल्यावर वाक्याचा अर्थच फिरला. आता धर्मराज फसवत नाही, ‘मला नक्की माहीत नाही बुवा’ असे म्हणतो! पुढे मराठीने शब्द जसे कानावर पडले तसेच घेतले आणि त्यांतला संशय उचलला. त्यामुळे आजचा अर्थ चुकीचा नाही, वाक्प्रचाराच्या शब्दांशी तो प्रामाणिकच आहे. कथेशी मात्र नाही.

आता खरे की खोटे. इथे मराठीतले ‘खरे’ आणि संस्कृतातले ‘सत्य’ वेगळे धरावे लागतात. खरे-खोटे ही जोडी नाण्याला लागते तशी वाक्यालाही लागते: वाजवून पाहा, खोट निघाली तर खोटे. धर्मराजाचे वाक्य असे वाजवले तर खणखणीत निघते. अश्वत्थामा मेला होता, हत्ती का असेना. ‘सत्य’ हा शब्द ‘सत्’पासून, म्हणजे ‘असणे’ या अर्थाच्या अस् धातूपासून आला आहे, पण व्रत म्हणून त्याची व्याख्या करताना नुसते ‘जे आहे ते बोलणे’ पुरले नाही. योगसूत्रांत अहिंसेच्या पाठोपाठ सत्य हा दुसरा यम, म्हणजे पाळायचे व्रत, येतो. त्यावरचे व्यासभाष्य सांगते की जसे पाहिले, जसे अनुमानले, जसे ऐकले, तसेच वाणी आणि मन दोन्ही असणे म्हणजे सत्य. आपल्याला झालेला बोध दुसऱ्यापर्यंत पोहोचावा म्हणून बोलायचे असते. म्हणून ती वाणी फसवी नको, भ्रांत नको आणि ‘प्रतिपत्तिवन्ध्या’ही नको. या शेवटच्या शब्दावर माझा फार जीव आहे. जिच्यातून ऐकणाऱ्याच्या मनात काहीच बोध उपजत नाही ती वांझ वाणी. अवघड परिभाषेत लिहून ‘आम्ही सांगितले होते’ म्हणणाऱ्या करारनाम्यांना भाष्यकाराने केव्हाच नाव देऊन ठेवले आहे.

फसव्या वाणीचे उदाहरण द्यायची वेळ आली तेव्हा या भाष्याचे विवरण करणाऱ्या वाचस्पतिमिश्रांनी कोणाचे दिले? याच युधिष्ठिराचे. त्याच्या मनात हत्ती होता आणि द्रोणांच्या मनात त्याने मुलगा उतरवला. तेव्हा उत्तर असे: वाक्य खरे, पण सत्य नव्हे. फोनवर ‘निघालोच आहे’ म्हणणारा माणूस बिछान्यातून निघालेला असतो, तसेच हे.

महाभारत स्वतः या कृत्याला काय म्हणते? ‘व्याज’. बँकेतले नव्हे. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, कपट. मराठीतल्या व्याजस्तुतीत आणि व्याजोक्तीत तो अर्थ अजून जिवंत आहे. स्वर्गारोहणपर्वात इंद्र युधिष्ठिराला सांगतो की तू द्रोणांशी व्याजाने वागलास, म्हणून तुलाही व्याजानेच नरक दाखवला. मराठी कानाला यात दुसरा अर्थही ऐकू येतो, त्याला इलाज नाही.

राहिला वापर. मुद्दाम संदिग्ध ठेवलेल्या भूमिकेला ‘नरो वा कुंजरो वा’ जरूर म्हणा. मात्र ज्याला खरोखर माहीत नाही आणि तो तसे सांगतो, त्याला हे शब्द लावू नयेत. तो अन्याय होईल. शब्दशः खरे बोलून चकवणाऱ्याला ‘नरो वा’पेक्षा ‘अर्धसत्य’ अधिक नेमके बसते. लिहिताना ‘वा’ सुटा लिहावा. मूळ शब्द ‘नरः’ आणि ‘कुञ्जरः’. पुढे ‘वा’ आल्यामुळे विसर्गाचा ओ झाला आहे. ‘नरोवा’ असा वेगळा शब्द नाही.