गोदामातली नोकरी सोडून इंजिन-दुरुस्ती शिकावी का?

इतर वाचकांसाठी आधी पत्राचा गोषवारा देतो. वय 28, गोदामात पक्की नोकरी, पत्नीही नोकरी करते, मुलगी दोन वर्षांची. सुट्टीच्या दिवशी ओळखीच्यांच्या मोटरसायकली, गवत कापायची यंत्रं, जनरेटर दुरुस्त करून देता आणि त्यातच मन रमतं. कॉलेजात पॉवरस्पोर्ट्स (मोटरसायकल, स्नोमोबाइल अशी हौसेची वाहनं) आणि स्मॉल इंजिन टेक्निशियनचा एक वर्षाचा पूर्णवेळ कोर्स आहे, दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे. दादा फीपुरते पैसे बिनव्याजी द्यायला तयार आहेत. येत्या सत्रात राजीनामा देऊन प्रवेश घेऊ का, असं विचारलंय.

शिका. एक वर्षाचाच कोर्स करा. पण येत्या सत्रात नको.

तुम्ही सगळा हिशोब फीभोवती मांडलाय, आणि इथे फी हा मोठा आकडा नाहीच. तुमचा हातात येणारा पगार 100 धरू आणि पत्रातले बाकीचे आकडे त्याच मापात बसवू. घरखर्च महिन्याला 120, पत्नीचा पगार 60, म्हणजे दरमहा 40 शिल्लक. साठलेली बचत 900. कोर्सची फी 450. पगार बुडणार तो मात्र बारा महिन्यांचा, कारण दहा महिन्यांच्या शिक्षणानंतर काम मिळेपर्यंत दोन महिने धरायलाच हवेत. ते झाले 1200. शिवाय स्वतःची हत्यारं. या धंद्यात पाने, सॉकेट सेट, टॉर्क रेंच, फीलर गेज, मल्टिमीटर बहुतेक वर्कशॉपमध्ये कारागिराने स्वतःचेच आणायचे असतात. मोठी, विशेष हत्यारं तेवढी मालकाची. पहिल्या पेटीला 200 धरा. एकूण 1850, आणि त्यात फी जेमतेम चौथा हिस्सा.

आता रोख पैशाचं बघू. पगार थांबला की घर चालवायला दरमहा 60 कमी पडतील, वर्षाचे 720. फी आणि हत्यारं मिळवून 1370. बचतीतले 360, म्हणजे तीन महिन्यांचा घरखर्च, मी कुठल्याही कारणासाठी हलवू देणार नाही, घरात लहान मूल आहे. मग वापरायला उरतात 540 आणि तूट पडते 830 ची. दादांचे 450 आले तरी उरलेल्या 380 साठी तुम्ही कोर्स चालू असतानाच क्रेडिट कार्डाकडे वळणार.

म्हणून नऊ महिने थांबा. महिन्याला 40 प्रमाणे 360 जमतील. कोर्स सुरू झाल्यावर शनिवार-रविवार एखाद्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागा. तेल बदलणं, टायर उतरवणं, बॅटऱ्या चार्ज करणं, जे मिळेल ते. महिन्याला 30 सुटले तरी वर्षाचे 360 होतात आणि तूट 110 वर येते. तेवढे दादांकडून घ्यायला हरकत नाही. हे हेल्परचं काम मी पैशापेक्षाही दुसऱ्या कारणासाठी सुचवतोय, आणि जमलं तर या नऊ महिन्यांतच सुरू करा. मित्राची बाइक निवांत खोलणं आणि घड्याळ लावून अनोळखी माणसाचं यंत्र खोलणं यात फार फरक आहे.

तो फरक पगारात कसा उतरतो ते सांगतो. अनेक डीलरशिपमध्ये मेकॅनिकला फ्लॅट रेटने पैसे मिळतात. कामाचा वेळ पुस्तकात ठरलेला असतो, तेवढ्याच तासांचे पैसे. समजा कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, साफ करायला दीड तास लिहिलाय. जुनं पेट्रोल बसून राहिल्याने जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक छिद्र, चिकट थराने बंद झालेलं, फ्लोट अडकलेला. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर त्याने ओढलेलं पाणी तळाशी बसलेलं. हे रोजचंच. पण एक गंजका बोल्ट डोकं सोडून आत तुटतो आणि तो काढण्यात तास जातो. अनुभवी माणूस आधी गरम करतो, तेल सोडतो, मग पाना लावतो. नवशिक्याला अडीच तास लागतात, पैसे मिळतात दीड तासाचे. वॉरंटीच्या कामात तर कंपनी देते तो वेळ बहुधा आणखी कमी असतो. त्यामुळे नोकरी घेताना पहिलं वर्षभर तरी ताशी ठरलेला पगार मागा. फ्लॅट रेटवर सुरुवात करू नका.

दुसरी गोष्ट हंगामाची. मोसम सुरू होताना वर्कशॉपमध्ये यंत्रांच्या रांगा लागतात, मोसम सरला की दिवसाला चार-पाच तासांचंही काम नसतं. जिथे बर्फावरच्या स्नोमोबाइल आणि कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या चारचाकी एटीव्ही दोन्ही येतात तिथे वर्ष बरं भरतं. नुसत्या मोटरसायकली किंवा नुसत्या जेट स्की असतील तर मंदीच्या महिन्यांचं काय, हे मालकाला तोंडावर विचारा. वर्षाचं उत्पन्न बारा सारख्या महिन्यांत येईल असं धरून कुठलाही हप्ता बांधू नका.

तुम्ही चौकशी केलेल्या वर्कशॉपने नवीन माणसाला 95 आणि तीन वर्षांच्या अनुभवाला 150 सांगितलेत. ते खरे धरू. शनिवार-रविवारची कमाई वजा जाता खर्च 1490, पहिल्या तीन वर्षांत दरमहा 5 कमी म्हणजे आणखी 180. हे 1670 दरमहा 50 च्या वाढीतून भरून निघायला पावणेतीन वर्षं लागतील. शिक्षणाचं एक, कमी पगाराची तीन आणि ही पावणेतीन. पस्तिशी ओलांडताना तुम्ही बरोबरीत याल. तोवर गोदामातला पगारही वाढला असता, म्हणजे हा हिशोब जरा उदारच आहे. तरी पुढे पंचवीस वर्षं काम करायचंय, म्हणून मला तो पटतो.

डिप्लोम्याला मात्र माझा विरोध आहे. दुसऱ्या वर्षाला आणखी फी आणि आणखी 1200 चा पगार जाणार, आणि वर्कशॉपवाले त्यासाठी जास्त देतील असं तुमच्या पत्रात कुठेच नाही. दुसरं वर्ष पगारी अप्रेंटिसशिपचं असेल तर पुन्हा लिहा, मग गोष्ट वेगळी.

कॉलेजला काय विचारायचं? एका इंजिनामागे किती विद्यार्थी असतात आणि हात काळे करायला आठवड्यात किती तास मिळतात, हे पहिलं. फ्यूएल इंजेक्शन आणि वायरिंगचं निदान किती शिकवतात, हे दुसरं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं. घरगुती गवत-यंत्राच्या दुरुस्तीला मुळातच मर्यादा आहे. यंत्र स्वस्त, दुरुस्तीचं बिल किमतीच्या निम्म्यावर गेलं की गिऱ्हाईक नवीनच घेतं. त्यात बॅटरीवरची यंत्रं आली. कॅलिफोर्नियाने 2021 मध्ये कायदा केला आणि 2024 च्या मॉडेलपासून अशी बहुतेक नवी छोटी इंजिनं धूरमुक्तच असावीत असा नियम तिथे आला. पैसा टिकेल तो मोठ्या यंत्रांत: एटीव्ही, मोटरसायकली, बागकाम करणाऱ्या ठेकेदारांची रोज आठ तास चालणारी कटाई-यंत्रं. तिथे यंत्र बंद पडलं की ठेकेदाराची मजुरी बुडते, तो बिलावर घासाघीस करत बसत नाही.

एकाच ब्रँडच्या प्रशिक्षणावर मात्र विसंबू नका. बीआरपी या कंपनीने 2020 मध्ये एव्हिनरूड ब्रँडची आउटबोर्ड (बोटीच्या मागे बसवायची) इंजिनं बनवणं थांबवलं, यामाहाने 2023 मध्ये स्नोमोबाइलमधून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. जुनी यंत्रं दुरुस्तीला येत राहतात हे खरं, पण त्यावर पंचवीस वर्षांचं करिअर उभं राहत नाही.

हत्यारं एकदम घेऊ नका. अनेक टूल कंपन्या विद्यार्थ्यांना चांगली सवलत देतात, ती शिकत असतानाच वापरा. पुढे वर्कशॉपच्या दारात हत्यारांची व्हॅन येते, आठवड्याच्या हप्त्यावर चकचकीत पेटी देते आणि नवी मुलं तिथे अडकतात. पेटी साधी असली तरी चालते, पाने चांगले घ्या.

राजीनाम्याआधी एक काम: नोकरीसोबतचा विमा संपेल, तेव्हा पत्नीच्या नोकरीतून तुम्हाला आणि मुलीला संरक्षण मिळतं का ते लेखी घ्या. हाताला इजा होण्याचा धोका या कामात असतोच, त्यामुळे अपघात विमा वेगळा काढा.

आणि दादांचे 110. बिनव्याजी असले तरी परत कधी आणि किती करायचे ते एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. वहिनींनाही दाखवा.