कॅटला ८२ आलेत, फॉर्म भरू की सोडून देऊ?

मी समुपदेशक. कॅटचा, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून यायला लागतो. मॅडम, ८० च आलेत. मॅडम, ८४ आहेत पण क्लासमधल्या सगळ्यांना ९५ च्या वर. पोरगं खुर्चीच्या कडेला टेकतं आणि पहिलं वाक्यच माफीचं. दर जानेवारीत हे ऐकते, म्हणून एका मुलीची गोष्ट लिहितेय, तिला विचारून, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

ती नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातली, बीएस्सी अ‍ॅग्री, घरची चार एकर बाग. ८२ पर्सेंटाईल. पहिल्या दिवशी म्हणाली, "मॅडम, मला ९५ यायलाच हवे होते."

मी ते वाक्य तिलाच कागदावर लिहायला लावलं आणि म्हटलं, यातला "च" खोडून परत वाच. तिने वाचलं, ९५ यायला हवे होते. म्हटलं, आता कसं वाटतंय? थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "वाईट वाटतंय. पण मघाशी मरून जावंसं वाटत होतं, तसं नाही." त्या शब्दावर मी थांबले, खरंच तसे विचार येतात का ते स्पष्ट विचारलं, घरी कोणाशी बोलतेस तेही विचारलं. हे विचारायला मी कधीच लाजत नाही, आईवडिलांनीही लाजू नये. तसं काही नव्हतं, तेव्हाच पुढे गेलो. माझं इतक्या वर्षांचं काम बरंचसं या एका "च" भोवतीच फिरतं. वाईट वाटणं मी कधी काढून घेत नाही, ते खरं असतं, "च" मात्र माणसाला हलूच देत नाही.

मग आकडे घेतले. पर्सेंटाईल म्हणजे मार्क नाहीत, तुमच्या मागे किती जण आहेत तो हिशोब. २०२४ ची कॅट साधारण २ लाख ९३ हजार मुलांनी दिली, म्हणजे ८२ ला अंदाजे २ लाख ४० हजार मागे आणि बावन्न-त्रेपन्न हजार पुढे. दोन्ही आकडे तिने लिहिले. मी खोटा धीर देत नाही, अहमदाबाद, बंगळूर, कलकत्ता या आयआयएमचे दरवाजे तिला त्या वर्षी बंद होते, आणि हे पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं बरं.

पण एक गोष्ट मुलं बघतच नाहीत. सगळीकडे स्कोअरचं काम सारखं नसतं. आपल्या राज्याच्या एमबीए सीईटीच्या कॅप राऊंडला, म्हणजे एकत्रित प्रवेशफेरीला, मुलाखत नसते, मेरिट नंबर लागला तर सीट, नाहीतर नाही, तिथे तुमची कहाणी ऐकायला कोणी बसलेलं नाही. म्हणून सीईटीसाठी बाकी सगळं सोडून अभ्यासच करायचा. याउलट जिथे पुढे मुलाखत, निबंध, ग्रुप डिस्कशन असतं, तिथे मुलाखतीचा कॉल आल्यानंतर दहावी-बारावी, पदवी, कामाचा अनुभव, तुम्ही बोलता काय, हे सगळं मोजलं जातं. तिच्यासाठी आम्ही अशाच जागा शोधल्या, हैदराबादची मॅनेज, पुण्याची वॅमनिकॉम, आणि आणंदची इर्मा जी अमूलच्या वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये उभी केली. शेतीतल्या पोरीला शेतीच्या आणि ग्रामीण व्यवस्थापनाचे कोर्स आहेत हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, क्लासमध्ये सगळे एकाच यादीमागे धावत होते.

मुलाखतीची तयारी मात्र दोन आठवडे अडली. काहीही विचारा, उत्तर स्कोअरवर यायचं. तुझ्याबद्दल सांग म्हटलं की "स्कोअर कमी आहे पण मी मेहनती आहे". तोडणीचे दिवस, ती संध्याकाळी दमून यायची, हातावर चिकट डाग. एका संध्याकाळी मी मुलाखत बाजूला ठेवली आणि नुसतं विचारलं, आज बागेत काय झालं?

सुटलीच ती. व्यापारी आला होता, शुगर मोजली, भाव पाडून मागितला. तिने रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे मालात औषधाचा अंश किती त्याचा तपासणी अहवाल, पुढे केला, दोन वर्षांपूर्वी एक व्यापारी पैसे बुडवून गेला तेव्हापासून घरची वही तीच ठेवते, अर्धे पैसे गाडी भरायच्या आधी घेतल्याशिवाय माल हलू देत नाही. वीस मिनिटं बोलली, स्कोअरचा स पण नाही. मी म्हटलं, आता सांग, व्यापारी आधी काय बघतो? म्हणाली, "मण्याची साईज." आणि मग? "मग तोंडात टाकतो." आणि स्वतःच थांबली. हळूच म्हणाली, "साईज बघून गाडी थांबते मॅडम, भाव चवीवर ठरतो."

मी काहीच बोलले नाही. इतक्या वर्षांत एवढं शिकले आहे की असं वाक्य समोरच्याच्या तोंडून येईपर्यंत समुपदेशकाने गप्प बसावं, आपण सांगितलं तर ते उपदेश होतं आणि घरी जाईपर्यंत विरतं. त्या दिवशी मला माझ्या कामाचं फार समाधान वाटलं, हे लपवत नाही.

पुन्हा परीक्षा द्यायची का, हेही सगळे विचारतात. मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, सातत्याने ९३-९४ येत होते आणि त्या दिवशी घसरलं असेल तर जरूर द्या. मॉकमध्येही ८२-८३ च होते तर यावेळी अभ्यासात काय बदलणार ते आधी कागदावर लिहा, नुसतं "जास्त मेहनत" लिहिलं असेल तर वर्ष जाईल. आणि स्कोअर कमी म्हणून जो एजंट फोन करून मॅनेजमेंट कोट्याची सीट देतो म्हणतो, त्याला आईवडिलांनी भेटूच नये. फी भरायच्या आधी एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, मान्यता बघा, आणि प्लेसमेंटमध्ये सरासरी पगार न बघता मधला, म्हणजे मीडियन, विचारा, दोन-चार मोठ्या पॅकेजनी सरासरी फुगते.

तिला तीनपैकी दोन ठिकाणी कॉल आला. पहिल्या मुलाखतीनंतर बाहेरूनच फोन केला. "मॅडम, स्कोअर विचारला त्यांनी. मी म्हटलं क्वांटमध्ये, गणिताच्या भागात, एका प्रश्नात अडकून राहिले, सोडायला उशीर केला. मग ते म्हणाले, वहीचं सांगा."